सक्शनची बाजू

माझ्या भावोजींच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. आमचा आकडा वेगळा आहे, पण तो वाद सोडा. गंमत अशी की ती एकुलती एक चूक आपलीच आहे हे लोकांच्या गळी उतरवताना त्यांच्या नाकी नऊ आले. आपलं कधीच काही चुकत नाही, हे मात्र लोक इतकी वर्षं बिनबोभाट ऐकून घेत आले होते.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाण्याचे पंप दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. मोटर चालू आहे पण टाकीत पाणी चढत नाही, अशी हाक आली की पान्ह्यांची पिशवी खांद्याला अडकवून निघायचे. तळघरात उतरले की आधी पंपाच्या अंगावर पंजा ठेवून डोळे मिटायचे, वैद्य नाडी बघतो तसे, आणि मग पहिला प्रश्न, "आधी कोणी हात लावला होता ह्याला?" कोणीतरी लावलेला असायचाच. मग त्या कोणाचा तरी यथासांग उद्धार व्हायचा आणि नंतर कामाला सुरुवात. एका इमारतीत असाच एक सांधा बघून ते कडाडले, "कुठल्या आंधळ्याने आवळलंय हे?" मालक बिचारा म्हणाला, "तुम्हीच, मागच्या खेपेला." भावोजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग माझ्यानंतर तुम्ही हात लावला असणार."

काम मात्र चोख. नळ उघडल्यावर नुसती खरखर ऐकू आली की आमच्या भागातल्या बायका त्यांच्याच नावाने हाका मारायच्या. त्यांच्या शास्त्रात सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच, हवा. पाइपात हवा अडकली की पंप नुसता गुरगुरतो. मग त्याच्या डोक्यावरचा नट जरा सैल करायचा, फुसफुसत हवा निघून जाते, मागून पाण्याची धार आली की नट आवळायचा. पण हे डिलिव्हरीच्या बाजूला, म्हणजे पंप जिथून पाणी ढकलतो तिथे. ज्या बाजूने तो पाणी ओढतो, त्या सक्शनच्या बाजूला सांधा सैल केलात तर थेंबभरही पाणी बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा सूं करून आत जाते आणि पंप मरतो. हे प्रवचन ताईने जेवणाच्या ताटावर इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला ते झोपेतही म्हणता आलं असतं. हाताखाली आलेल्या कित्येकांना भावोजींनी ह्याच एका चुकीपायी हाकलून दिलं होतं.

दुखणं आलं ते पायाच्या वाटेने. गंजक्या पाइपाची कड पोटरीला लागली. भावोजींनी जखमेवर वायरी गुंडाळायची काळी चिकटपट्टी लावली, कारण दवाखान्यातल्या पट्टीला पाणी लागलं की ती सुटते आणि हिला सुटत नाही. पट्टी खरंच सुटली नाही. आत जे काय शिजायचं ते शिजत राहिलं, अंगात ताप मुरला, आणि हॉस्पिटलात नेलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की जंतू रक्तात गेलेत आणि हृदयाच्या एका झडपेवर जाऊन बसलेत.

"झडप?" तापाने फणफणलेले भावोजी उठून बसले. "एकाच बाजूला उघडते का?"

"हो, रक्त उलटं येऊ नये म्हणून."

"म्हणजे नॉन-रिटर्न," भावोजी म्हणाले आणि समाधानाने पुन्हा आडवे झाले. आपल्या छातीत ओळखीचं काहीतरी आहे ह्याचा त्यांना एवढा आनंद झाला की ती झडप बिघडलेली आहे, हे ते विसरूनच गेले.

औषध बरेच दिवस शिरेतून द्यायचं होतं. हातातल्या शिरा लवकरच रुसल्या, तेव्हा गळ्याच्या मोठ्या शिरेत एक नळी बसवली. तिचं तोंड बाहेर, त्याला एक बूच, आणि बुचाच्या अलीकडे नळी दाबून धरणारा एक चिमटा. हे काम एका सिस्टरकडे होतं. अंगाने काटकुळी, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. औषध संपलं की ती नळी धुवायची, चिमटा लावायची, बूच बसवायची आणि दर वेळी तेच बजावायची, "काका, नळीला हात लावायचा नाही. मी उघडते तेव्हा सुद्धा झोपूनच राहायचं, बसायचं नाही."

भावोजींना हे दोन्ही जमणारं नव्हतं. जगातल्या कुठल्याही नळीला हात न लावता ते एवढे दिवस कधी राहिलेच नव्हते. शिवाय सकाळ-संध्याकाळ दंडाला पट्टा गुंडाळून सिस्टर म्हणायची, "प्रेशर छान आहे हं, काका." प्रेशर आहे, पंप आहे, नॉन-रिटर्न झडप आहे. भावोजींच्या मनात साऱ्या देहाचा नकाशा पक्का झाला.

एकदा त्यांना नळीत एक बुडबुडा दिसला. चिमटा आणि बूच ह्यांच्या मधोमध, साबुदाण्याएवढा. त्यांनी घंटा वाजवून सिस्टरला बोलावलं.

"एवढ्याने काही होत नाही, काका. शिवाय तो चिमट्याच्या बाहेर आहे. पुढच्या वेळी मी काढून टाकते."

"हवा आहे ती."

"कळलं. झोपा."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. हा बैल पलंगावर पडून दुपारभर त्या बुडबुड्याकडे डोळे तिरपे करून बघत होता. ताई आणि मी त्यांचा डबा धुवायला गेलो होतो. परत आलो तर भावोजी उशीवरून एका बाजूला कलंडलेले, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. सिस्टरने नळीच्या उघड्या तोंडावर अंगठा दाबून धरला होता आणि दुसऱ्या हाताने त्यांना डाव्या कुशीवर वळवत ती ओरडत होती, "पलंगाचं डोकं खाली करा! ऑक्सिजन आणा!" बूच चादरीवर पडलं होतं.

फोटो काढले तेव्हा मेंदूत हवा दिसली. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. माणूस बसलेला असला की गळ्याच्या शिरेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, श्वास आत घेतला की आणखी कमी होतो. अशा वेळी नळी उघडी असली तर रक्त बाहेर येत नाही, हवाच आत खेचली जाते. हवा हलकी, ती शिरेतून वर चढली आणि डोक्यात जाऊन अडकली. ताईने नुसती मान हलवली. तिला ह्यातलं काहीच नवीन नव्हतं. भावोजींच्या डोक्यात हवा गेलीय असं आम्ही नातेवाईक वर्षानुवर्षं म्हणत होतो, पण ती फोटोत दिसेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी तेव्हा हसले नाही. जिन्यात जाऊन रडले.

हवेवर उपाय काय, तर आणखी हवा. त्यांना दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे जाड भिंतींची, पाणबुडीसारख्या दाराची एक बंद खोली होती. आत दाब वाढवत नेतात आणि शुद्ध ऑक्सिजन देतात, म्हणजे अडकलेले बुडबुडे चेपून बारीक होतात आणि हळूहळू विरघळतात. ताई बाहेर बाकावर बसून त्या खोलीच्या कॉम्प्रेसरची धडधड ऐकत होती. म्हणाली, "आत ते नसते तर ह्या मशीनला शंभर नावं ठेवली असती त्यांनी." खोलीने काम केलं. भावोजी वाचले. उजवा हात मात्र लोंबता राहिला, आणि तोंडातून शब्द फुटेना.

आता नळी कोणी उघडली हा प्रश्न आला, आणि तो घेऊन भावोजींचे थोरले भाऊ आले. ह्या थोरल्यांनी आयुष्यभर एका कचेरीत लोकांच्या तक्रारी घेऊन त्या कपाटात ठेवण्याचं काम केलं होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना टेबलाच्या ह्या बाजूला उभं राहायला मिळत होतं. त्यांनी हॉस्पिटलात जाऊन एकच विचारलं, "शेवटचा हात कोणी लावला होता?" घराण्याचाच प्रश्न तो! सगळ्यांची बोटं सिस्टरकडे गेली. तिने बूच नीट लावलं नाही, चिमटा विसरली, असं ठरलं. ज्या अंगठ्याने भावोजींचा जीव वाचवला होता तो कोणी जमेला धरला नाही. सुंठीवाचून खोकला जातोय म्हटल्यावर हॉस्पिटललाही बरंच वाटलं असावं. चौकशी होईपर्यंत तिला वॉर्डातून काढून चादरींच्या खोलीत बसवलं. ठपका आला असता तर नोकरी जाणार होती, आणि एकदा असा शिक्का बसला की दुसरीकडेही कोणी दारात उभं करत नाही.

भावोजी घरी आले. थोरले रोज येऊन त्यांच्या उशाशी बसायचे आणि सांगायचे, "काळजी करू नकोस, त्या बाईला सोडत नाही मी." भावोजी छताकडे बघत राहायचे. मुका माणूस, बिचारा काय बोलणार, असं आम्हाला वाटायचं.

मग एका सकाळी ताई न्हाणीघराच्या बाहेर टॉवेल घेऊन उभी होती. आतल्या फ्लशच्या टाकीतून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. आणि पाठोपाठ खणखणीत, एकही अक्षर न अडखळता, "कुठल्या गाढवाने बसवलंय हे?"

ताईच्या हातातला टॉवेल गळून पडला. आधी ती हरखली. भावोजी काठी टेकत बाहेर आले तेव्हा डोळे पुसत तिने विचारलं, "तुम्हाला बोलता येतंय?" भावोजी गप्प. तिने दुसरा प्रश्न विचारला, "नळी कोणी उघडली होती?" भावोजी पुन्हा मुके झाले. पण ताईने त्यांच्याबरोबर संसार केलाय. ह्या माणसाला दुसऱ्याची चूक ठाऊक असेल आणि तो ती बोलणार नाही, हे शक्यच नव्हतं. तो गप्प होता ह्याचा अर्थ तिला लगेच कळला.

ती फक्त एवढंच म्हणाली, "तुम्हाला बोलता येत नसेल तर मलाही येत नाही." आणि तिनेही तोंड मिटलं. ताट समोर यायचं, औषध वेळेवर यायचं, शब्द यायचा नाही. मी जायचे तेव्हा दोघं दोन खुर्च्यांवर बसलेली असायची. ताईने मला सगळं स्वयंपाकघरात कुजबुजून सांगितलं. मी म्हटलं, "मग जाऊन सांग ना हॉस्पिटलात!" ती म्हणाली, "मी कशाला सांगू? मी उघडली का?" बहीण माझी, पण पीळ आता त्याच घरचा पडलाय.

चौकशीच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. टेबलापलीकडे डॉक्टर आणि मेट्रन, अलीकडे थोरले, भावोजी, ताई आणि मी. सिस्टर भिंतीला टेकून उभी. कोणी तिला बसा म्हटलं नव्हतं. थोरल्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात भावोजी म्हणाले, "मी उघडली."

भाऊ बोलला ह्याचा थोरल्यांना आधी आनंद झाला. काय बोलला ते मागाहून पोचलं.

"सिस्टरने बंद करून दिली होती. चिमटा मी काढला. बूच मी फिरवलं. माझी चूक आहे."

डॉक्टर लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले, "काका, मेंदूला इजा झाली की असं होतं कधीकधी. न घडलेल्या गोष्टी आठवायला लागतात. तुम्ही मुद्दाम खोटं बोलताय असं मी म्हणत नाही."

"आणखी काय पुरावा हवा तुम्हाला?" थोरले उभेच राहिले. "हा माझा सख्खा भाऊ. लहानपणी ह्याने काच फोडली तर दगडाला दोष दिला. तो आज चूक कबूल करतोय! हा आमचा भाऊच नाही राहिला! बघा किती नुकसान केलंत डोक्याचं!"

खरं सांगते, मला सगळं ठाऊक असून क्षणभर थोरल्यांचंच पटलं.

भावोजी पेटले. डाव्या हाताने टेबलावर थाप मारून ओरडले, "अहो, चूक माझी आहे म्हणतो ना! ऐकून का घेत नाही कोणी?" जन्मभर भांडून कमावलेला सगळा आवाज त्यांनी लावला होता. मेट्रनने पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "शांत व्हा हं, काका." म्हणजे हेही आजारातच जमा झालं.

डॉक्टरांनी विचारलं, "बरं, का उघडलीत?"

"बुडबुडा होता."

"त्याने काही होत नाही असं सिस्टरने सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"दिसत होता ना!"

थोरले त्यांच्या कानाशी वाकले, पण थोरल्यांची कुजबुज पलीकडच्या वॉर्डातही ऐकू जाते. "अरे, हात दाखवून अवलक्षण कशाला? उद्या तुझ्याकडे पंप कोण देईल?"

भावोजींना हे ठाऊक होतं. ह्याचसाठी तर ते इतके दिवस छताकडे बघत पडले होते. त्यांनी ताईकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत होती. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "सिस्टर रोज प्रेशर बघायची, डॉक्टर. मला वाटलं सगळीकडे प्रेशरच असणार. मला ती डिलिव्हरीची बाजू वाटली. ती सक्शनची होती. मी सक्शनची बाजू उघडली."

डॉक्टरांना आणि मेट्रनला त्यात काही विशेष वाटलं नाही. ताईने मात्र तोंडावर हात धरला. डोक्याला मार बसलेला माणूस खून केला म्हणूनही सांगेल, पण आमचे भावोजी हे वाक्य कुठल्याही मारामुळे म्हणाले नसते.

"उघडल्यावर काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं. आता ते मघासारखं समजुतीच्या सुरात बोलत नव्हते.

"थेंब तरी बाहेर यायला हवा होता. आला नाही. मी उठून बसलो होतो. नीट बघावं म्हणून मान वळवली, श्वास घेतला, आणि सूं झालं. आत जाणारं. तो आवाज मी ओळखतो, डॉक्टर. पंपाजवळ हजारदा ऐकलाय. ओळखला, आणि बूच लावायला गेलो, तर हात उचलेना."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तो आवाज सिस्टरने ऐकला नव्हता, आम्ही ऐकला नव्हता. आणि तो कसा असतो हे त्या खोलीत भावोजींना आणि डॉक्टरांना, दोघांनाच माहीत होतं. मेट्रनने एक खुर्ची ओढली आणि सिस्टरला म्हणाली, "बस गं." थोरले अजून उभे होते. त्यांना बसा म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

थोरल्यांची भीती खरी ठरली, हेही सांगून टाकते. स्वतःच्या गळ्यातला सांधा ज्याने उलट्या बाजूने उघडला त्याला लोक आता तळघरात उतरवत नाहीत. त्या दिवशी मात्र आम्हाला सुटल्यासारखं वाटत होतं. आम्ही लांबलचक बोळातून बाहेर निघालो होतो, तोच सिस्टर मागून भरभर आली.

"काका, तुम्हाला बोलता कधीपासून येतंय?"

मीच घाईने म्हटलं, "आजच हो, सिस्टर. आत्ताच तोंड उघडलं बघा." सगळं निभावलं होतं, एवढीशी थाप कोणाला कळणार होती?

"नाही," भावोजी म्हणाले. "बरेच दिवस झाले."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. ती ओरडेल असं मला वाटलं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी घरी सांगितलंय की मला बढती मिळाली, म्हणून वॉर्डातून काढून खाली बसवलंय. आई शेजारीपाजारी सांगत फिरते. आता परत वॉर्डात आले ते कसं सांगू?" तिने सवयीने पुढे वाकून त्यांच्या गळ्यावरची नळीची जागा बोटाने चाचपली, "भरलंय चांगलं," म्हणाली, आणि आली तशी भरभर निघून गेली.

भावोजी काठीवर भार टाकून तिथेच उभे राहिले. ती बोळाच्या वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर ते म्हणाले, "माझं चुकलं. माफ करा मला."

ऐकायला फक्त आम्ही दोघी बहिणी होतो. ताईने लग्न झाल्यापासून हे शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. आज ऐकले, आणि तेही तिच्यासाठी नव्हते. तिने त्यांचा लोंबता हात आपल्या हातात घेतला आणि कित्येक दिवसांनी त्यांच्याशी बोलली, "चला, जिना आहे पुढे."